जयंतीचं वजन वर्षावासात उतरवू या

जयंती झाली, बुद्धपौर्णिमा झाली, लग्नसराईही संपत आली. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या वस्तीतल्या कित्येक घरी रात्रीची चूलच पेटत नाही, कारण रोज कुणाच्या ना कुणाच्या मांडवात पंगत असते. सकाळी विहारात खीरदान, दुपारी चौकात थंड पेयाची बाटली, संध्याकाळी हळदीचं जेवण, आणि मिरवणूक मध्यरात्री संपली की पुरी-भाजी, वर बुंदी. जून उजाडला की ब्लाउज दंडात रुततो, पँटचं बटण लागत नाही. मग आपणच आपली समजूत घालतो, "लग्नाचं अंग आहे, पावसाळ्यात उतरेल."

ते आपोआप उतरत नाही. अमेरिकेत नाताळच्या सुट्ट्यांत वाढणाऱ्या वजनाचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वाढ सरासरी अर्धा किलोसुद्धा नव्हती, पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती उतरलीही नव्हती. तिकडचा नाताळ आणि आपली जयंती वेगळी असली, तरी शरीराचा हिशेब तोच. वर्षाला अर्धा किलो धरला, तरी विशीत लग्न होऊन आलेली मुलगी चाळिशीला पोचेपर्यंत १० किलो होतात. कधी वाढलं हे तिला सांगताही येत नाही.

या विषयावर आपल्या माणसांशी मी जपून बोलते. ज्यांच्या आजी-पणजीनं शिळ्या तुकड्यावर दिवस काढले, दुसऱ्याची पंगत उठेपर्यंत बाहेर ताटकळत बसणं सोसलं, त्यांना "कमी खा" म्हणणं सोपं नाही. भरलेलं अंग म्हणजे खात्यापित्या घराची खूण. माहेरी आलेली लेक वाळलेली दिसली की आईच्या पोटात तुटतं, आणि ते खरंच असतं. पण भरलेलं अंग म्हणजे सकस अंग नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. वजन ७० किलो आणि हिमोग्लोबिन ९, अशा बाया मी दवाखान्यात कितीतरी पाहिल्या. मैदा, साखर, तेल यांनी पोट सुटतं, रक्त भरत नाही.

आपल्या भारतीय शरीरात चरबी आधी पोटावर साठते, आणि मधुमेह वजन फार वाढायच्या आतच गाठतो. म्हणून काट्यापेक्षा शिवणकामाची फीत बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्या. बाईचं ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, पुरुषाचं ९० म्हणजे साडेपस्तीस इंच, याच्या पुढे गेलं तर साखर तपासून घ्या. तिशीच्या पुढच्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आपल्या आशाताईंना विचारा.

बाई जाड झाली की घरचे म्हणतात, हिचा जिभेवर ताबा नाही. मला हे पटत नाही. सगळ्यांच्या पंगती उठल्यावर शेवटी बसते तीच, आणि उरलेली बुंदी वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी चहाबरोबर संपवतेही तीच. बेत मात्र ठरवते जयंती समिती, आणि समितीत बहुतेक पुरुष. म्हणून माझं सांगणं आधी समितीला आहे. पाव लिटर थंड पेयात २५ ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा चमचे. वरून घातलेली साखर दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका बाटलीत दिवस संपला, खीर तर अजून व्हायचीच आहे.

ज्यांच्या जयंतीला आपण ही साखर वाटतो, त्या बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांनी आणि डोळ्यांनी त्यांना छळलं. तशा अवस्थेत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून पूर्ण केला, आणि अवघ्या ६५ व्या वर्षी ते गेले. जयंतीच्या भाषणात हे फारसं कुणी सांगत नाही. १९२७ साली महाडला आपण गेलो होतो ते पाण्यासाठी. मग चौकात माठाचं पाणी, ताक, कलिंगडाची फोड वाटायला कमीपणा कसला? खीर राहू द्या, ती सुजातेची आठवण आहे. द्रोण तेवढा लहान ठेवा. रात्री पुरीऐवजी भाकरी आणि मटकीची उसळ करा. मिरवणुकीआड जे प्यालं जातं त्याचं पाचव्या शीलात आलंच आहे. पोट त्यानंही सुटतं, एवढं नर्स म्हणून जोडते.

संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी म्हणजे प्रसेनजित याची गोष्ट आहे. हा राजा द्रोणभर भात खायचा. एकदा जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंत त्याला हसले नाहीत, उपाशीही राह म्हणाले नाहीत. जेवणात मात्रा ओळखणाऱ्याचा त्रास कमी होतो, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली, आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्याचे त्याला शंभर कहापण ठरवले. हळूहळू त्याचा भात नाळीभर मापावर आला. ही गोष्ट मला नर्स म्हणून फार आवडते. राजालासुद्धा एकट्याला जमलं नाही, आठवण करून देणारं माणूस लागलं, आणि उतरलं ते सावकाश.

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होईल. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला विहार उघडेल, पण सकाळी त्याला कुलूपच. आपल्या गल्ल्यांतून दोन माणसं शेजारून जात नाहीत, रस्त्यावर रिक्षा आणि टवाळ पोरं. बायकांनी चालायचं कुठं? चंक्रमणाचे पाच फायदे अंगुत्तरनिकायात आहेत, त्यात आजार कमी होणं आणि खाल्लेलं पचणं हे दोन आहेत. सकाळी एक तास विहाराची किल्ली महिला मंडळाकडे द्या. आवारात अर्धा तास भरभर चाला. दर पौर्णिमेला कंबर मोजून आपापल्या वहीत लिहा. कुणाचा आकडा चारचौघींत वाचू नका.

उपोसथाला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्यांना मात्र एक सांगते. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं जेवण सोडू नका. गोळी घेतली आणि जेवण टाळलं, तर साखर एकदम उतरते: घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतं. शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.