परमिट रूममधले बाळ

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागू लागला आणि 'परमिट रूम' हा शब्द मराठीच्या पदरात पडला. लालबाग-परळच्या अशा खोल्यांत आताशा सुरमईच्या तुकडीशेजारी तान्हे बाळही दिसते. भुवया उंचावणाऱ्यांनी, वाचकहो, थोडे मागे पाहावे.

याच गिरणगावात कोकणातला चाकरमानी खानावळीत जेवे; बायकापोरे गावी. इराण्याकडे बाईमाणसासाठी 'फॅमिली रूम' असे; तिथे आडोसा आलाच. म्हणजे बाईने बाहेर खायचे ते आडोशाने, आणि कडेवर मूल असले तर खायचेच नाही! घरी तरी काय? बाळ निजेपर्यंत तिच्या पानातला भात गार.

म्हणून ते बाळ मला खटकत नाही. पथ्ये मात्र हवीत. दिवेलागणीलाच जावे, गोंगाटापासून दूरचे टेबल धरावे, बाळ पेंगू लागताच उठावे. बाळ बाबांनी घ्यावे. आणि ज्याच्या मांडीवर बाळ, त्याच्या पेल्यात नुसता सोडा! पिण्याचा परवाना सरकार देते. गरम जेवणाचा परवाना आईला घरच्यांनीच द्यायचा असतो.