मेन स्विच पाडल्यानंतरची पाच मिनिटे

भोसरीतले सीएनसी मशीन असो की चाकणमधला कन्व्हेयर, मोटरचा वेग सांभाळणारा एसी ड्राइव्ह मेन स्विच पाडल्यावरही काही मिनिटे जीवघेणा राहतो. ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा ड्राइव्हमध्ये आधी डीसी होतो आणि सुमारे ५८५ व्होल्टच्या दाबाने कपॅसिटरमध्ये साठतो. २,००० मायक्रोफॅरडच्या संचात अशी जवळपास ३४० ज्यूल ऊर्जा असते. बेताल झालेले हृदय ताळ्यावर आणण्यासाठी डिफिब्रिलेटरने दिला जाणारा झटकाही साधारण १५० ते ३६० ज्यूलचाच. फरक इतकाच की इथे तो चांगल्या चाललेल्या हृदयाला बसतो.

घामेजलेल्या हातांनी शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. मग ५८५ व्होल्टला अर्ध्या अँपिअरहून जास्त प्रवाह वाहतो. एसीच्या बाबतीत छातीतून जाणारे ५० मिलिअँपिअरही हृदयाची लय बिघडवू शकतात. ईएलसीबी इथे कामाची नाही. ती जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहातला फरक ओळखते. कपॅसिटरच्या प्लस-मायनसमध्ये सापडलेला माणूस तिला दिसतच नाही.

त्याहून फसवा खिशातला टेस्टर. त्यातला निऑन दिवा पेटायला जमिनीपर्यंत वाट लागते. पुरवठा तुटल्यावर डीसी बसचा, म्हणजे कपॅसिटरला जोडलेल्या प्लस-मायनस पट्ट्यांचा, जमिनीशी संबंध उरत नाही, त्यामुळे दिवा विझलेला आणि बस भरलेली, असे सहज घडते. मल्टिमीटर एसी रेंजवर राहिला तर तोही शून्य दाखवू शकतो. ड्राइव्हचा डिस्प्ले विझणे हा तर पुरावाच नव्हे.

लहान ड्राइव्हवर बहुधा पाच मिनिटे थांबण्याची सूचना असते, मोठ्यांवर दहा-पंधरा. तेवढ्यात आतले रेझिस्टर चार्ज उतरवतात, मात्र ते शाबूत असतील तरच. म्हणून स्विचला कुलूप, थांबणे, चालू पुरवठ्यावर तपासलेल्या मीटरने डीसी मोजणे आणि मग हात, हा क्रम. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून 'डिस्चार्ज' केला की ठिणगीबरोबर वितळलेला धातू डोळ्यांत उडू शकतो.

या पट्ट्यात गुरुवार साप्ताहिक सुटीचा, त्यामुळे ठरलेल्या मेंटेनन्सला सवड मिळते. घाई होते ती चालू पाळीतल्या ब्रेकडाऊनला, सुपरवायझर डोक्यावर उभा असताना. ही पाच मिनिटे ब्रेकडाऊनच्या वेळेतच धरावीत. वायरमनच्या हिमतीवर सोडू नयेत.

आता चाकणला महिंद्राच्या बीई ६ सारख्या विजेवरच्या मोटारीही बनतात. वाहनांत ६० व्होल्ट डीसीच्या वरचा दाब 'हाय व्होल्टेज' धरतात आणि त्याच्या केबल नारिंगी असतात. इथे नुसते थांबून भागत नाही. सर्व्हिस प्लग काढला की बाहेरचे सर्किट तुटते, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर काही मिनिटांत उतरतात. बॅटरी पॅकमधले सेल मात्र भरलेलेच राहतात. पॅक उघडायचा तर योग्य दर्जाचे रबरी हातमोजे, इन्सुलेटेड हत्यारे आणि सुटका करू शकेल असा दुसरा माणूस शेजारी हवा. शॉक बसलेल्याला थेट हात न लावता आधी पुरवठा तोडायचा किंवा कोरड्या लाकडाने त्याला दूर करायचे, श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर सुरू करायचा आणि १०८ला फोन लावायचा.