राईसप्लेटचं टेबल आणि आडनाव

नोकरी लागल्यावर आपल्यापैकी अनेकांना मिळालेलं सगळ्यात साधं सुख म्हणजे सहकाऱ्यांबरोबर बाहेर जेवायला जाणं. जागा म्हणजे ऑफिसच्या मागच्या गल्लीतली खानावळ, जिथे शंभर-सव्वाशे रुपयांत राईसप्लेट मिळते. तीन चपात्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, वाटीभर डाळ, भात, पापड, लोणचं. टेबल हलतं, पंखा कुरकुरतो, गर्दी असली की अनोळखी माणूस शेजारी येऊन बसतो. पैसे मोजले की कोणी काही विचारत नाही.

ज्यांच्या आजोबांना हॉटेलबाहेर उकिडवं बसून, वेगळ्या ठेवलेल्या कपात, वरून ओतलेला चहा प्यावा लागला, त्यांना ‘कोणी काही विचारत नाही’ या शब्दांचं मोल वेगळं सांगायला नको. म्हणूनच हे सुख क्षुल्लक समजू नये. या टेबलापर्यंत पोचायला किती झगडावं लागलं आणि टेबलावर बसल्यानंतरही काय उरलं आहे, दोन्ही लक्षात ठेवायला हवं.

कोल्हापूर संस्थानात गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा प्यायला सुरुवात केली. महाराजच पितात म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींनाही प्यावा लागला. त्याच सुमारास, १९१७ साली, केरळात चेराई इथे सहोदरन अय्यप्पन यांनी ‘मिश्रभोजनम’ घडवून आणलं. इळवा समाजातल्या तरुणांनी पुलय समाजाच्या लोकांबरोबर बसून जेवण केलं. अय्यप्पन यांच्याच समाजातले लोक त्यांच्यावर उलटले आणि त्यांना ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणवू लागले. त्यांनी ते नाव मानाने घेतलं.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आला. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविरुद्ध कायदा झाला. त्याचंच नाव १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम आहे. या कायद्याने उपाहारगृहात प्रवेश नाकारणं गुन्हा ठरवलं आणि तिथली भांडी वापरू न देणंही. भांड्यांसाठी कायद्यात वेगळी जागा करावी लागली, कारण आत घेऊन वेगळा पेला हातात देणं ही या देशाची जुनी युक्ती आहे. तमिळनाडू, कर्नाटक, आंध्रमधल्या गावांतल्या चहाच्या टपऱ्यांवरची ‘दोन पेल्यांची’ पद्धत हा कायदा झाल्यानंतरही दशकानुदशकं चालत राहिली.

शहरातल्या खानावळीने हा पेला बऱ्याच अंशी मोडला. मालक उदारमतवादी झाला म्हणून हे घडलं असं नाही. दुपारच्या दोन तासांत तीन पंगती उठवायच्या असतात, तेव्हा कोणाची जात काय हे विचारायला त्याला सवड नसते. आपल्याला समतेचा थोडासा अनुभव मिळाला तो या घाईमुळे. मिळाला हे खरं आहे, आणि तो आनंदाने घ्यावा.

पण मालक विचारत नाही ते टेबलावरचे लोक विचारतात.

‘आडनाव काय तुझं? गाव कुठलं? तिकडे हे आडनाव कोणाकोणात असतं?’ पहिल्या आठवड्यातच हे होतं. मी काही वर्षं कामानिमित्त बंगळुरूत होतो. तिथल्या दर्शिनीत कूपन घ्यायचं, स्टीलच्या उंच टेबलाशी उभं राहून इडली-वडा नाही तर भात-सांबार खायचा आणि निघायचं. कन्नड, तेलुगू सहकाऱ्यांना माझं आडनाव वाचता येत नव्हतं. ते वाचता येणारा माणूस ऑफिसात आला तो मराठी बोलणाराच होता. महाराष्ट्राबाहेर काम करणाऱ्या आपल्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. परक्या शहरात आपली भाषा ऐकू आली की बरं वाटायला हवं. आपण मात्र आधी सावध होतो.

दुसरी चौकशी ताटातून होते. कोण ‘पोळी’ म्हणतं, कोण ‘चपाती’. कोण ‘आमटी’, कोण ‘कालवण’. यावरून अंदाज बांधणारे लोक आहेत. बोंबील किंवा सुकट डब्यात आणली की नाक मुरडणारे आहेत. जेवायला जायचं ठिकाण ठरवताना ‘प्युअर व्हेज’ हॉटेलचं नाव आधी येतं आणि त्यावर चर्चा होत नाही. या देशातले बहुसंख्य लोक मांसाहार करतात, तरी सोय बघितली जाते ती न खाणाऱ्यांची. शाकाहारी माणसाला त्याच्या आवडीचं मिळावंच. त्याच्या ताटात कोणी काही टाकायला सांगत नाही. आक्षेप आहे तो ‘शुद्ध’ या शब्दाला, कारण एक ताट शुद्ध म्हटलं की शेजारचं आपोआप अशुद्ध होतं. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमधली काही टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली. त्याविरुद्ध निषेध केल्याबद्दल एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. देशातल्या नामवंत संस्थेत ताटावरून टेबल वेगळं होतं, तर ऑफिसच्या जेवणात ते कुजबुजीने होतं यात नवल नाही. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवर पुस्तक लिहिलं आणि त्याला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असं नाव दिलं. आपलं अन्न जोवर कोणाच्या पंगतीत मोजलंच जात नाही, तोवर ते नाव बरोबरच आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. पगारातले पैसे गावी जातात, धाकट्याची फी भरायची असते, आईचं औषध असतं. महिना संपत आला की टेबलावर कोणीतरी म्हणतं, ‘आज जरा चांगल्या ठिकाणी जाऊ.’ मग ‘मी डबा आणलाय’ असं सांगून आपल्यातला एखादा मागे राहतो. असं मागे राहू नये. ‘मला राईसप्लेटच परवडते, तिकडेच जाऊ,’ असं सरळ म्हणावं. अनेकदा आणखी दोघांना तेच म्हणायचं असतं.

मागे राहू नये, याला एक व्यावहारिक कारणही आहे. कुठल्या विभागात जागा निघणार, पगारवाढ कशी मागायची, कोणत्या साहेबाकडे अर्ज अडतो, ही माहिती नोटीसबोर्डावर लागत नाही. ती जेवताना कळते. ज्यांच्या घरात काका, मामा, आत्या ऑफिसात काम करून निवृत्त झाले, त्यांना ती घरातच मिळते. आपल्याला मिळण्याची जागा म्हणजे हे हलणारं टेबल. तिथून उठून गेलो तर तोटा आपलाच.

मात्र एकत्र जेवलो म्हणजे जात गेली, असं समजायची चूक बाबासाहेबांनी आपल्याला करू दिली नाही. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी सहभोजनाची मर्यादा स्पष्ट सांगितली. अनेक जातींत एकमेकांकडे जेवण चालतं, तरी जातीची भावना मरत नाही. लग्नाचे दरवाजे उघडत नाहीत आणि जातीला पवित्र मानणाऱ्या धर्मग्रंथांचा अधिकार मोडत नाही, तोवर पंगत एक झाल्याने फार काही होत नाही. आपण हे रोज बघतो. जो सहकारी आपल्या ताटातला पापड हक्काने उचलतो, तोच पाणी पिता पिता म्हणतो, ‘आमच्या भाच्याला एवढे मार्क पडूनही सीट मिळाली नाही, तुमचं बरं आहे.’

अशा वेळी काय करावं? दर जेवणाला आरक्षणाचा वर्ग घ्यायला आपण बांधील नाही. घास गार होतो. पण गप्पही बसू नये. ‘माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला, तुमच्याकडे कितवी पिढी?’ एवढा एक प्रश्न शांतपणे विचारला तरी पुष्कळ. आडनाव विचारलं तर सांगावं, पुढचं विचारलं तर तेही सांगावं. ज्या टेबलावर आपण लपून राहिलो तरच आपली जागा टिकते, तिथे आपल्याला जागा मिळालेलीच नाही. नाव सांगूनही जे दुसऱ्या दिवशी ‘चल रे जेवायला’ म्हणतात, ते आपले सोबती. असे लोक असतात, आणि त्यांच्याबरोबरचं जेवण खरंच गोड लागतं.

आणखी एक गोष्ट. टेबलावर फडका मारणारा पोरगा आपल्याला ‘साहेब’ म्हणतो. तो आपल्याच गावाकडचा, आपल्याच वस्तीतला असू शकतो. ऑफिसातली सफाई करणाऱ्या कंत्राटी मावशी जिन्याखाली बसून डबा खातात आणि त्यांना जेवायला चला म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही. पहिल्या पिढीचे पदवीधर म्हणून आपण त्या टेबलावर पोचलो आहोत. उद्या जागा धरताना एक खुर्ची जास्त धरा आणि मावशींना हाक मारा. त्या दिवशीचं टेबल कोण कोण सोडून जातं, तेही नीट बघून ठेवा.