सरस्वतीचे वाहन

सरस्वतीचे वाहन कोणते, याबद्दल आपल्याकडे दोन मते आहेत. कोणी हंस म्हणतात, कोणी मोर म्हणतात. पण या दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत व्हायला हरकत नाही. त्या वाहनाला पेट्रोल लागत नाही, ते भोंगा वाजवीत नाही, आणि देवी वीणा घेऊन बसली म्हणजे ते उभे करण्यासाठी ग्रंथालयासमोरचे झाड तोडावे लागत नाही. आमच्या काळातल्या विद्यापीठांनी मात्र देवीला या पक्ष्यांवरून खाली उतरवले आहे आणि तिच्या हाती मोटारीची किल्ली दिली आहे. विद्यापीठाच्या वाहतुकीचे ‘भविष्यकालीन नियोजन’ म्हणून जो कागद आजकाल समित्यांपुढे येतो, त्यात रस्ता किती रुंद करायचा आणि गाड्या कुठे उभ्या करायच्या, या दोन प्रश्नांपलीकडे तिसरा प्रश्न सहसा नसतो. माणूस वर्गापर्यंत पोचतो कसा, हा तो तिसरा प्रश्न. माझे भांडण त्याच्यासाठी आहे.

ऐन दिवाळीत हे भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, दिवाळीतच! ‘पोराला कॉलेजात प्रवेश मिळाला आहे, पाडव्याचा मुहूर्तही आहे, तर गाडी घेऊनच टाकू,’ हा संवाद या चार दिवसांत किती घरांतून होत असेल! चकलीचा तुकडा मोडीत हा अंक चाळणाऱ्या आईबापांना मला एवढेच विचारायचे आहे, की ती गाडी तुम्ही हौसेने घेता की नाइलाजाने? हौसेने घेत असाल तर माझे काही म्हणणे नाही. हौसेला मोल नसते. पण पुष्कळ घरांत ती हप्त्यांवर येते, आणि तिच्यामागून पोर घरी परतेपर्यंतची काळजीही येते. बस वेळेवर येत नाही, आली तर विद्यापीठाच्या फाटकाशी सोडते, आणि फाटकापासून विभागापर्यंत कसे जायचे ते ज्याचे त्याने पाहावे, म्हणून ती घ्यावी लागते. सार्वजनिक व्यवस्थेने टाकलेले ओझे बापाच्या पगारावर येऊन पडते आणि आपण त्याला पेढे वाटून ‘नवी गाडी’ म्हणतो!

मोघम बोलण्यापेक्षा एकच विद्यापीठ नजरेसमोर ठेवू. पुण्याच्या गणेशखिंडीतली ती जागा सर्वांच्या परिचयाची आहे. सर बार्टल फ्रिअर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना १८६४ मध्ये तिथल्या प्रासादाचे काम सुरू झाले. तिथले रस्ते बग्ग्यांसाठी होते; पायी चालणाऱ्या रयतेचे तिथे काम नव्हते. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा करून याच वाड्यातून परतणाऱ्या रँडवर, २२ जून १८९७ च्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांची गोळी झाडली गेली, ती बग्गीवर चढूनच. पुढे स्वराज्य आले. बाळासाहेब खेरांनी मनावर घेतले आणि ४११ एकरांहून मोठी ही जागा विद्येला मिळाली. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू झाले. बग्गीवाल्यांचे आवार पायी चालणाऱ्यांच्या मुलांना खुले झाले, असा त्या घटनेचा साधा अर्थ आहे. आता विचार करा. तेच आवार, किंवा देशातले कोणतेही आवार, आपण पुन्हा ज्याच्यापाशी गाडी त्याच्या सोयीने आखू लागलो, तर गव्हर्नरसाहेब गेले आणि बग्ग्या तेवढ्या राहिल्या, असेच म्हणावे लागेल.

‘पण आवार केवढे मोठे! चालणार कसे?’ हा पहिला आक्षेप. याला उत्तर गणिताचे आहे आणि ते चौथीतल्या मुलालाही करता येईल. ४११ एकर म्हणजे सुमारे १६६ हेक्टर. ही जागा चौरस धरली तर तिची बाजू सव्वा किलोमीटरहून थोडी अधिक भरते. तासाला पाच किलोमीटर या बेताच्या चालीने माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पंधरा-सोळा मिनिटांत पोचतो. रस्ते वळणाचे आहेत म्हणून वीस-बावीस धरा. एवढ्या अंतरासाठी अठरा वर्षांच्या तरुणाला इंजिन लागत असेल, तर त्याच्या पायांत काही दोष नाही. दोष त्या रस्त्यात आहे. त्यावर सावली नाही, दिवा नाही, सलग पदपथ नाही. पदपथ असलाच तर मध्येच विजेचा खांब उभा, पुढे कोणाची तरी दुचाकी उभी, आणि त्याच्यापुढे पदपथच संपलेला!

दुसरे गणित जागेचे. एक मोटार उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर लागतात, आणि ती वळवून बाहेर काढण्याची वाट धरली तर त्याच्या दुप्पट. वसतिगृहातल्या कित्येक खोल्या याहून मोठ्या नसतात. म्हणजे विद्यार्थ्याला राहायला जागा नाही म्हणून यादीत नाव लावून बसवायचे, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच नुसत्या उभ्या राहणाऱ्या लोखंडाला मात्र फुकट जागा द्यायची! त्याच एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सुखाने उभ्या राहतात. ‘आता विजेच्या गाड्या येत आहेत, प्रश्न सुटेल,’ असे सांगणारे लोक भेटतात. धुराचा प्रश्न सुटेल, हे कबूल. पण विजेची मोटार उभी राहायला कमी जागा घेत नाही, आणि तिने धडक दिली तर कमी लागते असेही नाही.

रस्ते रुंद केले, पूल बांधले, की गर्दी हटते, ही तिसरी समजूत. तिचे उत्तर विद्यापीठाच्या दारातच मिळाले आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून पुरती वीस वर्षेही झाली नव्हती, तोच २०२० मध्ये तो पाडावा लागला. मेट्रो आणि नवा दुमजली पूल यांना तो आड येत होता. बांधायला पैसा आपला, पाडायला आपला, पुन्हा बांधायलाही आपलाच! मुळात सरकारी धोरणाला हे ठाऊक नाही असे नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने स्पष्ट सांगितले आहे की नियोजन माणसे हलवण्याचे करायचे, वाहने हलवण्याचे नव्हे. धोरण शहाणे आहे. पण शहाणपण दिल्लीत छापले जाते आणि डांबर गल्लीत पडते, त्याला काय करावे!

आता कोणी सायकलीचे नाव काढले की लोक हसून म्हणतात, ‘झाला तोही प्रयोग!’ होय, झाला. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या, आणि त्यांचा आरंभ विद्यापीठाच्या आवारात नि औंधमध्ये झाला. दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. काही मोडल्या, काही चोरीस गेल्या, काही गटारात सापडल्या. पण यावरून सायकल नालायक ठरते काय? बी खडकावर टाकायचे, पाणी घालायचे नाही, आणि उगवले नाही म्हणून बियाण्याला शिव्या द्यायच्या, यातला हा प्रकार आहे. सायकलीला निर्धोक वाट हवी, सावलीतला तळ हवा, आणि पंक्चर काढणारा माणूस हवा. या तीन गोष्टी नसतील तर नुसत्या सायकली वाटणे म्हणजे फटाक्यांची माळ लावण्यासारखे आहे. आवाज मोठा होतो आणि सकाळी अंगणात कागद उरतात.

हे सारे आपल्या हवेत, आपल्या माणसांत चालते याचा पुरावा हवा असेल तर तो आपल्याच देशात आहे. खरगपूरच्या आय. आय. टी.त विद्यार्थ्याचे वाहन म्हणजे सायकल. तिथले आवार गणेशखिंडीच्या कितीतरी पट मोठे आहे, आणि बंगालचा पाऊस काही पुण्यापेक्षा मवाळ नाही. मद्रासच्या आय. आय. टी.त विद्यार्थ्यांना मोटारसायकल बाळगता येत नाही. आवारातल्या आवारात बस फिरते, आणि त्याच आवारात काळवीट चरतात. त्या निवासी संस्था आहेत, आमची मुले भोसरीहून आणि हडपसरहून येतात, हा फरक मला मान्य आहे. पण भोसरीपासून फाटकापर्यंतचे अंतर हा बसचा आणि मेट्रोचा प्रश्न आहे. फाटकापासून वर्गापर्यंतचे अंतर दोन्हीकडे सारखेच. आणि बाहेरच्या अंतरालाही तोड आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये विद्यार्थ्यांना आणि नोकरवर्गाला सवलतीचा बसपास दिला आणि त्याचबरोबर गाडी उभी करण्याचे शुल्क वाढवले. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले, आणि म्हणूनच ते टिकले. आपल्याकडे माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही तेवीस किलोमीटरांची, तेवीस स्थानकांची मेट्रो विद्यापीठाच्या दारावरून आखली गेली आहे. एवढी गंगा दारावरून नेऊन घरात घागरभर पाणी आणण्याची सोय करायची नाही, याला नियोजन म्हणत नाहीत.

मग करायचे काय? टीका करणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे. पहिले, बाहेरच्या गाड्या आवाराच्या काठावर थांबवाव्यात. तिथे उभे राहण्याचे दाम घ्यावे, प्राध्यापकाकडूनही घ्यावे, आणि त्यातली पै न् पै आतल्या बसवर खर्च करावी. दुसरे, फाटकापासून विभागांपर्यंत छोट्या बसगाड्या दर दहा मिनिटांनी सोडाव्यात, आणि शेवटची बस कचेरी सुटण्याच्या वेळेला न बांधता ग्रंथालय बंद होण्याच्या वेळेला बांधावी. तिसरे, झाडांच्या सावलीतून सलग, उजेडाचे पदपथ करावेत. पायरीऐवजी उतार ठेवावा, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी कोणाच्या उपकाराशिवाय वर्गात जाईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो त्याचा हक्कच ठरवला आहे. वृद्ध, आजारी, अपंग यांची मोटार मात्र दारापर्यंत जाऊ द्यावी. आणि चौथे, जी समिती हे ठरवील तिच्यात विद्यार्थिनी, शिपाई आणि खानावळीतली बाई यांना बसवावे, आणि सर्व सभासदांनी सही करण्यापूर्वी मे महिन्यातल्या दुपारी एकदा, जुलैतल्या पावसात एकदा, आणि अंधार पडल्यावर एकदा, असे तीन वेळा सारे आवार पायी हिंडावे. नकाशावर दिसत नाही ते तळपायाला कळते.

कुलगुरूंच्या मार्गात याहून मोठा धोंडा आहे, तो अध्यापकवर्गाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांनी १९६३ मध्येच थट्टेने सुचवले होते की विद्यापीठातल्या विद्वानांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे गाडी उभी करायला जागा नसल्याची तक्रार. थट्टा साठ वर्षांनंतरही शिळी झालेली नाही. समतेवर तास-तास बोलणारे आमचे विद्वान मोटारीच्या जागेचा विषय निघाला की एकदम संस्थानिक होतात!

पुण्याच्या या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. नाव घेणे सोपे असते. सावित्रीबाई मुलींना शिकवायला पायी निघत, तेव्हा लोक त्यांच्या अंगावर शेण-माती फेकीत, आणि त्या चालत राहत. त्यांच्या चालण्यातून आपल्या लेकी शिकल्या. आज कोणत्याही विद्यापीठात एखादी मुलगी संध्याकाळी सात वाजता ग्रंथालयातून निघून, घाबरीघुबरी न होता, मागून येणाऱ्या भोंग्याला न दचकता, उजेडातून चालत बसपर्यंत पोचते की नाही, ही माझ्या मते तिथल्या वाहतूक-नियोजनाची एकमेव परीक्षा आहे. बाकीचे नकाशे, आकडे आणि रंगीत चित्रे तिच्या नंतर.

आईबापहो, पाडव्याला गाडी घ्या अगर घेऊ नका. पण पोरांच्या विद्यापीठाला एक पत्र जरूर लिहा आणि विचारा, की आमची मुलगी तुमच्या आवारात चालणार कुठून? उत्तर येईपर्यंत दर दिवाळीला लिहीत राहा.