मर रोग आणि पिशवीतले जिवाणू

हरभऱ्याचे पीक फुलोऱ्यात असताना काही झाडे पिवळी पडून माना टाकू लागतात आणि शेतकरी कृषी सेवा केंद्राकडे धाव घेतो. स्युडोमोनासची पिशवी आणली जाते, पाण्यात कालवून झाडांच्या बुडाशी ओतली जाते आणि आठवड्याभरात निष्कर्ष निघतो : जैविकाने काही होत नाही. वस्तुतः मर रोगाची फ्युझारियम बुरशी तोपर्यंत मुळांतून शिरून रसवाहिन्यांत ठाण मांडून बसलेली असते. तेथून तिला हुसकावणे हे या जिवाणूंचे काम नव्हेच.

त्यांचे सामर्थ्य उगवत्या मुळाभोवती आधी वस्ती करण्यात आहे. स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मुळांच्या पृष्ठभागावर पसरतो, मातीतील लोह बांधून ठेवणारी द्रव्ये स्रवून बुरशीची उपासमार करतो, तिला मारक ठरणारी प्रतिजैविके तयार करतो आणि वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. बॅसिलस सबटिलिसने स्रवलेली काही द्रव्ये तर बुरशीच्या पेशीपटलालाच इजा करतात. हरभऱ्याची मर बुरशी यजमान पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरू शकते; तेव्हा तिच्याशी सामना द्यायचा तो पेरणीच्या दिवशीच. किलोमागे 10 ग्रॅम भुकटीची बीजप्रक्रिया आणि हेक्टरी 2.5 किलो भुकटी 50 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून जमिनीत देणे, ही प्रचलित शिफारस याच हिशेबाने केलेली आहे.

पण पिशवीत जिवंत काय उरले आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नोंदणीच्या निकषानुसार स्युडोमोनासच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. बॅसिलस बीजाणू बनवून उष्णता व कोरडेपणा सोसतो. स्युडोमोनासला ती सोय नाही. पत्र्याच्या छपराखाली मे महिना काढलेली पिशवी ऑक्टोबरात बियाण्याला चोळली, तर कित्येकदा केवळ टाल्कचीच बीजप्रक्रिया होते. (ट्रायकोडर्माही याच कपाटात ठेवलेला असतो आणि त्यालाही सर्रास जिवाणू म्हटले जाते, तो बुरशी आहे.) रासायनिक बुरशीनाशक लावायचेच असेल, तर ते आधी लावून बियाणे सुकवावे आणि जिवाणू शेवटी लावावेत. जिवाणू लावलेले बियाणे सावलीत वाळवून लगेच पेरावे, ही साधी गोष्टही घाईत राहून जाते.

जिवाणूंवर सारा भार टाकणेही योग्य नाही. विजय, दिग्विजय यांसारखे मर रोगास प्रतिकारक वाण आणि पिकांची फेरपालट यांना ते पूरक आहेत, पर्याय नव्हेत. मातीचा ओलावा, तापमान आणि सेंद्रिय कर्ब यांनुसार त्यांचा परिणाम कमीजास्त होतो. तो सर्वत्र सारखा मिळेल असे सांगणारा विस्तार कार्यकर्ता पुढच्या हंगामात स्वतःची विश्वासार्हता गमावतो.

त्यापेक्षा प्रात्यक्षिकाच्या शेतात चार ओळी बीजप्रक्रियेविना सोडाव्यात. पिशवीवरील उत्पादनाची तारीख आणि साठवणीची जागा वहीत नोंदवावी. पेरणीनंतर 30 व्या दिवशी आणि पुन्हा फुलोऱ्यात दोन्ही भागांतील मेलेली झाडे शेतकऱ्यासमोरच मोजावीत. आकडे सारखे निघाले, तरी ते तसेच लिहावेत.