गिटारची गुणगुण

दिवाळी अंकासाठी कोणता विषय घ्यावा, याची विवंचना या सदराच्या लेखकाला दरसाल पडते. मिक्सर झाला, गिझर झाला, इन्व्हर्टरवर तर दोनदा लिहून झाले. यंदा मात्र विषय आपल्या पायांनी चालत आला. एका रविवारी सकाळी डोंबिवलीहून भाचीचा फोन आला, “मामा, नॉइज सप्रेसर कोणता घेऊ?”

आवाज बंद करणारे यंत्र असा त्याचा अर्थ मी लावला, आणि शेजारच्या बिऱ्हाडातील कुणी घोरत असेल अशी समजूत करून घेतली. भाची खो खो हसली. तिला हवा होता तो तिच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी, पायाने दाबायचा एक पेडल. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने साडेनऊ हजार रुपये साठवले होते. त्यांतले बहुतेक या एका डबीत जाणार होते. कारण दिवाळीत सोसायटीच्या अंगणात तिच्या चमूचा कार्यक्रम ठरला होता, आणि गिटार वाजत नसतानाही स्पीकरमधून अखंड ‘घूंऽऽ’ असा आवाज येत होता. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी तर “तुमची पिठाची गिरणी किती वाजता बंद होते?” असे विचारूनही घेतले होते.

विजेच्या खात्यात उभा जन्म गेल्यामुळे ‘घूंऽऽ’ म्हटले की माझे कान टवकारतात. “काही विकत घेऊ नकोस, मी येतो,” असे सांगून मी दुपारची गाडी पकडली.

आता ही गुणगुण येते कोठून ते पाहू. साध्या गिटारला पोट असते, त्यात आवाज घुमतो. इलेक्ट्रिक गिटारला पोट नसते. तिच्या तारांखाली ‘पिकअप’ बसवलेले असतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. तीच ॲम्प्लिफायर मोठी करतो. पण या वेढ्यांना आपपरभाव नाही. आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. तिच्या भोवतालचे चुंबकीय क्षेत्रही वेढे तितक्याच तत्परतेने टिपतात. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर ही सारी मंडळी त्यात आपापला सूर मिसळतात. त्यात भाचीसारखा कुणी ‘डिस्टॉर्शन’चा पेडल जोडला, की तो बारीक आवाजही फुगवून मोठा करतो. मग गिटारबरोबर गुणगुणही फुगते आणि वर ‘स्सऽऽ’ अशी फसफस येते ती वेगळीच.

या दुखण्यावर जुना इलाज आहे. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली एका नव्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला. त्यात वेढ्यांच्या दोन गुंडाळ्या असतात, एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या आणि उलट चुंबकांवर बसवलेल्या. तारांचा सूर दोन्हींत मिळून वाढतो, गुणगुण मात्र एकमेकींना खोडून टाकते. त्याला ‘हंबकर’ म्हणतात.

“मग तसली गिटार का नाही घेतलीस?” मी विचारले.

“मामा, तिचा आवाज जाड येतो. मला हिचा आवडतो,” भाची म्हणाली. यावर बोलण्यासारखे काही नव्हते. ताईने तंबोऱ्याच्या जवारीसाठी तीन कारागीर पालथे घातले होते, ते मी पाहिलेले आहे. मुलगी आईवर गेली, इतकेच.

मी तिला गिटार गळ्यात घालून जागच्या जागी गोल फिरायला सांगितले. खिडकीकडे तोंड केल्यावर गुणगुण कमी झाली, विजेच्या बोर्डाकडे वळताच वाढली. गिटारवरचा आवाजाचा खटका शून्यावर आणला, तेव्हा ती आणखी उतरली; पण पुरती गेली नाही. म्हणजे थोडी पिकअपमधून येत होती आणि थोडी दुसरीकडून. मग मी पेडल एकेक करून काढले. सगळे पेडल एकाच स्वस्त ॲडाप्टरवर माळेसारखे ओवलेले होते. त्यातला ‘डिले’चा, म्हणजे प्रतिध्वनी देणारा, डिजिटल पेडल निराळ्या ॲडाप्टरवर घेताच एक बारीक किणकिण थांबली. भाची म्हणाली, “बघ, अर्धे काम फुकटात झाले!”

इतक्यात ताई चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, “अरे, हिचं ते खोकं चावतं रे कधीकधी. परवा गाताना माइकला ओठ लागले तर केवढ्याने ओरडली!”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

तारांना हात लावल्यावर गुणगुण थोडी उतरते, हे बहुतेक गिटारींत होते आणि त्यात वावगे काही नाही. पण हाताला झिणझिण्या येणे किंवा माइक ओठांना चावणे हे मुळीच साधे नाही. गिटारच्या तारा वायरीतून ॲम्पच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि तो सांगाडा तीन पिनांतल्या मोठ्या पिनेने जमिनीला. ही जमिनीची वाट तुटली की सांगाड्यावर विजेचा दाब चढू शकतो. माइक दुसऱ्या, चांगल्या अर्थिंगच्या जागी लावलेला असेल, तर तारा धरणारे हात आणि माइकला टेकलेले ओठ यांच्यामधली वाट माणसाच्या शरीरातून जाते. १९७२ साली ब्रिटनमधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या चमूचे गिटारवादक लेस्ली हार्वी कार्यक्रमाच्या रंगमंचावर नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून दगावले. हातात गिटार होती.

मी खटका बंद केला, पिन काढली आणि सांगितले, “हे आता वायरमन येईपर्यंत लागायचे नाही.” भाचीचा चेहरा उतरला. कार्यक्रम अकरा दिवसांवर होता.

वायरमन दुसऱ्या दिवशी आला. टेस्टलॅम्पची एक वायर फेजच्या भोकात आणि दुसरी न्यूट्रलच्या भोकात धरल्यावर दिवा पेटला. दुसरी वायर मोठ्या भोकात घालताच विझला. पट्टी खोलून पाहिली, तर वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती! इमारत जुनी. मूळच्या दोन भोकांच्या जागी कुणीतरी तीन भोकांची पट्टी बसवली होती, पण जमिनीची तार आणलीच नव्हती. स्वयंपाकघरात मात्र फ्रिजसाठी अलीकडे नवी लाइन ओढलेली होती, आणि माइकचा स्पीकर लांब वायरीने तिथेच जोडलेला होता. कोडे सुटले.

दोन दिवसांत बाहेरच्या खोलीत हिरवी तार आली, अर्थिंग तपासून झाले आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसला. वीज भलत्या वाटेने जाऊ लागताच हा सारा पुरवठा तोडतो. खर्च पेडलच्या किमतीच्या निम्म्याहून कमी आला. तो ताईने दिला. पुन्हा ॲम्प लावला. झिणझिण्या नाहीत. गुणगुणही बरीच खाली आलेली. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हिने ती डबी आधीच आणली असती तर?”

तर गुणगुण ऐकू आली नसती, मी आलो नसतो, आणि भाची दिवाळीत अंगणात माइकपुढे उभी राहिली असती. यापुढचे मी तिला बोलून दाखवले नाही. वाचकांनी मात्र लक्षात ठेवावे. गुणगुण जाते म्हणून अर्थची पिन कापण्याचा सल्ला देणारे महाभाग भेटतात. त्यांना चहा द्यावा, पण पक्कड देऊ नये.

आता उरलेल्या गुणगुणीसाठी पेडल. येथे पहिली गोष्ट अशी, की हा पेडल आवाज स्वच्छ करीत नाही. तो दारावरच्या रखवालदारासारखा आहे. तुम्ही वाजवीत असाल तर दार उघडे, त्या वेळी सुराबरोबर गुणगुणही आत येते, फक्त सुराखाली झाकली जाते. तुम्ही थांबलात की दार बंद. दार कोणत्या पातळीला लावायचे ते ठरवणाऱ्या खटक्याला ‘थ्रेशोल्ड’ म्हणतात, म्हणजे आपला उंबरठाच. उंबरठा फार उंच केला, तर हळूहळू विरणाऱ्या सुराचाही पाय अडखळतो आणि सूर मध्येच तुटतो. दुसरा खटका ‘डिके’चा. दार धाडकन लावायचे की हलकेच लोटायचे ते तो ठरवतो. तुटक, ठसकेबाज वाजवणाऱ्याला धाडकन चालते. लांब सूर धरणाऱ्याला चालत नाही.

प्रकार मुख्यतः असे. आयएसपीच्या डेसिमेटरला एकच खटका. ज्याला फार विचार करायचा नाही त्याला तो सोयीचा. टीसी इलेक्ट्रॉनिकचा सेंट्री खर्जापासून तारापर्यंत आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येकावर निराळी नजर ठेवतो. आणि १९८७ साली आलेला बॉसचा एनएस-२. याला दोन खटके तर आहेतच, शिवाय जाण्यायेण्याची एक वेगळी वाट आहे. गिटार प्रथम या पेडलमध्ये येते, तेथून डिस्टॉर्शनमध्ये जाते आणि परत येथेच येते. त्यामुळे रखवालदार गिटारचा मूळ, निर्मळ सूर ऐकून निर्णय करतो आणि दार लावतो ते फसफसणाऱ्या आवाजावर. साधा पेडल डिस्टॉर्शनच्या पुढे बसवला, तर त्याला त्या गोंधळातच सूर कोणता आणि फसफस कोणती हे ओळखावे लागते. डेसिमेटरच्याच ‘जी स्ट्रिंग’ या प्रकारातही मूळ सूर ऐकण्याची अशीच सोय आहे.

भाची ठसक्याचे वाजवते आणि संथ गाणीही वाजवते, डिस्टॉर्शनही तिचे भरपूर. तेव्हा अशी वाट असलेला पेडल घ्यावा असे ठरले. धोबी तलावाला जाताना आम्ही तिची स्वतःची गिटार आणि डिस्टॉर्शनचा पेडल बरोबर नेला. हे अवश्य करावे. दुकानातल्या हंबकरच्या गिटारवर सगळेच पेडल गुणी वाटतात!

घरी आल्यावर तिने डिस्टॉर्शन त्या वाटेत घातले आणि प्रतिध्वनीचा पेडल सर्वांच्या शेवटी ठेवला. तो रखवालदाराच्या आधी ठेवला, तर प्रतिध्वनीची शेपटी दारात चेंगरते. मग तारांवर तळहात ठेवून उंबरठा शून्यापासून हळूहळू वर नेला आणि गुणगुण थांबली तेथेच सोडून दिला. एक लांब सूर छेडून पाहिला. तो शेवटी तुटला, म्हणून डिके थोडा वाढवला. पुन्हा छेडला. या खेपेस सूर आपल्या आपण विरला.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. “आता बरं वाटतं,” ती म्हणाली, “पण अगदीच गप्प नको करूस हं. तंबोरा थांबल्यावर जशी खोली सुनी होते ना, तसं वाटतं.” भाचीने काही न बोलता उंबरठा केसभर खाली आणला.

कार्यक्रम वसुबारसेच्या संध्याकाळी आहे. अंगणातला मंडपवाला कोणत्या बोर्डावरून वीज घेणार आहे, याची चौकशी मी करून ठेवली आहे. टेस्टलॅम्पही पिशवीत टाकला आहे. आपल्याही घरी दिवाळीच्या माळा काढाल, तेव्हा त्यांच्या वायरी नीट पाहून घ्या, आणि तीन भोकांच्या पट्टीमागे खरोखर तीन तारा आहेत ना, एवढे एकदा जाणत्या वायरमनकडून पाहून घ्या. दिवाळी सुखाची जावो.