सही आपली, अर्थ दुसऱ्याचा?

कर्जाच्या कागदांवर पेन्सिलीने फुल्या केलेल्या असतात आणि सुशिक्षित गृहस्थ प्रत्येक फुलीपाशी निमूटपणे सही करीत जातो. त्या इंग्रजी मजकुराची एक ओळही त्याने वाचलेली नसते. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा हाच मध्यमवर्ग राहते घर गहाण टाकताना मात्र मौन पाळतो. हे मौन फार महाग पडते.

‘जामीनदार’ हा शब्द घ्या. स्नेह्याच्या शब्दाखातर पतसंस्थेत सही करणारा स्वतःला केवळ साक्षीदार समजतो. कायदा तसे मानीत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. ऋणकोला बाजूस ठेवून धनको प्रथम जामीनदाराच्या दारी येऊ शकतो.

‘नामनिर्देशन’ म्हणजे वारसाहक्क, हा असाच एक समज. बँकेतील ठेवींबाबत २०१० साली आणि समभागांबाबत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नामनिर्देशित व्यक्ती रक्कम वा समभाग स्वीकारते. मालकी मात्र वारसांकडेच जाते. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व मुले यांना वेगळे स्थान दिले आहे. हा भेद ठाऊक नसल्याने सख्खी भावंडे न्यायालयाची पायरी चढतात.

व्याजाचेही तेच. एक लाखाचे कर्ज, मुदत एक वर्ष, सरळ व्याज बारा टक्के. म्हणजे दरमहा सुमारे ९,३३३ रुपयांचा हप्ता. मुद्दल महिन्यागणिक फिटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर आकारले जाते. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला, तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो!

दोष केवळ इंग्रजीला देऊन भागणार नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. कारभाराची भाषा हा राज्यकर्त्यांचा विषय आहे, ही जाण त्यामागे होती. महाराष्ट्राने १९६४ साली राजभाषा अधिनियम केला, परिभाषा कोशही काढले. पण शब्द घडविला म्हणजे अर्थ पोहोचला, असे होत नाही. ज्या मराठी अर्जाचा अर्थ विचारण्यास पुन्हा कारकुनाकडेच जावे लागते, त्या मराठीने नागरिकाचे काय हित साधले?

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या निर्देशानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ व लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ऋणकोला समजणाऱ्या भाषेत मुख्य अटींचे विवरणपत्र देणे आणि ते समजावून सांगणे बँकांना बंधनकारक आहे. सर्व खर्च धरून होणारा वार्षिक दर त्यात नमूद करावा लागतो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. पण सभासदांच्या जिवावर उभ्या असलेल्या या संस्थांनी तीच शिस्त स्वतःहून का पाळू नये? हा प्रश्न वार्षिक सभेत सभासदांनीच विचारला पाहिजे.

हक्क कागदावर मिळाला, तरी तो मागणारा हवा. विवरणपत्र मराठीत मागावे, कागद घरी आणून पत्नी व मुलांसमवेत वाचावेत, न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचारण्यात संकोच बाळगू नये. अर्थ कळेपर्यंत लेखणी खाली ठेवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तो बजावणाऱ्या ग्राहकाला कोणतीही संस्था गृहीत धरू शकणार नाही.